जॅझ कागदावर उतरवताना बार कुठे तोडायचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंतरराष्ट्रीय जॅझ दिनाच्या निमित्ताने (३० एप्रिलला असतो तो, युनेस्कोने २०११ साली ठरवलेला) तुमच्या पुरवणीत जॅझवर मोठा लेख आला, वाचून खरंच बरं वाटलं, कारण नागपुरात म्यूजिकची बातमी म्हणजे एक तर वसंतराव देशपांडे सभागृहातली मैफल नाही तर विसर्जनात ढोलताशाचा आवाज किती डेसिबलवर गेला ते, मधलंही काही असतं हे कोणाच्या लक्षातच येत नाही. लेखातली माणसं, सालं सगळं नीट होतं. पण खाली ती ‘जॅझचे ताल’ म्हणून चौकट टाकली होती ना, ती वाचून डोकं फिरलं आणि म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, कापायचं असलं तर मधून कापा, शेवटून कापू नका.

चौकटीत दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ‘टेक फाइव्ह’ ५ मात्रांचं आहे, म्हणजे तो आपल्या झपतालाचा अर्धा तुकडाच झाला. दुसरी म्हणजे जॅझ इतका मोकळा असतो की टाइम सिग्नेचर (पाश्चात्त्य लिपीत सुरुवातीला लिहितात ते मोजणीचे आकडे) ४/४ लिहा का १२/८ लिहा, वाजवणारा त्याला पाहिजे तसंच वाजवणार, तेव्हा त्या आकड्यांना फार अर्थ नाही. पहिली गोष्ट सरळसरळ चुकीची आहे आणि दुसरी अर्धी खरी आहे, त्यामुळे जास्त त्रास देते.

मी काही मोठा कलाकार वगैरे नाही. लहानपणी महालात तबला शिकलो, परीक्षा दिल्या, मग कीबोर्डकडे वळलो, आता सदरमध्ये राहतो आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना, कॉलेजच्या पोरांच्या बँडला चार्ट लिहून देतो, म्हणजे कोणी कुठे काय वाजवायचं ते कागदावर मांडून देतो. त्यामुळे बार, म्हणजे कागदावर दोन उभ्या रेघांमधला ठरावीक बीटचा तुकडा, कुठे तोडायचा हा प्रश्न माझ्यासाठी थिअरीचा नाही, चुकीच्या जागी तोडला तर रिहर्सलला सात माणसं सात ठिकाणी थांबतात आणि मग सगळे माझ्याकडे बघतात.

आधी झपताल. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. २+३+२+३. सम (जिथून आवर्तन सुरू होतं ती) पहिलीवर, दुसरी टाळी तिसऱ्या मात्रेवर, ‘खाली’ (टाळी न देता हात नुसता हलवायची जागा) सहावीवर, मग आठवीवर टाळी. आता मोबाइलवर ‘टेक फाइव्ह’ लावा, पॉल डेसमंडने लिहिलेलं, डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटचं, १९५९ च्या ‘टाइम आउट’ मधलं, आणि त्याच्यावर झपतालाची टाळी देऊन बघा. पियानोचा ठेका पहिल्यापासून एक-दोन-तीन, एक-दोन असा चाललेला असतो, वजन पहिल्या आणि चौथ्या बीटवर. तुमची टाळी तिसऱ्यावर पडणार आणि गाण्याचं वजन चौथ्यावर, दोन आवर्तनांत तुम्हीच टाळी सोडून द्याल. बेरीज सारखी आहे हो, ५ म्हणजे ५, पण विभाग उलटे आहेत, आणि ज्याने एक वर्ष जरी तबल्यावर हात मारला त्याला माहीत असतं की विभाग बदलला की ताल बदलला. रूपकाच्या ७ मात्रा ३+२+२ असतात. ब्रुबेकचंच १९६१ चं ‘अनस्क्वेअर डान्स’ ७/४ मध्ये आहे, पण त्यात बेस पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बीटवर पडतो, म्हणजे २+२+३. कोणी त्याला रूपक म्हटलं तर मी परत पत्र लिहीन.

आणि इथेच टाइम सिग्नेचरची खरी गोम आहे. ५/४ मधला वरचा आकडा सांगतो किती, खालचा सांगतो कोणत्या नोटला एक धरायचं, बस. कसे तोडले ते त्यात कुठेच नाही. पं. भातखंड्यांच्या लिपीत आपण झपताल लिहितो तेव्हा खाली समेची फुली, २, खालीचं शून्य, ३ अशा खुणा घालतो आणि विभागाच्या उभ्या रेघा मारतो, त्यामुळे वाचणाऱ्याला विचारायची गरजच राहत नाही. स्टाफ नोटेशनमध्ये ते काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं, म्हणजे एट्थ नोट (पूर्ण नोटचा आठवा भाग, तशी क्वार्टर चौथा आणि सिक्स्टींथ सोळावा) एकमेकींना जोडणारी ती आडवी जाड रेघ, बीम, ती कुठून कुठपर्यंत ओढायची ते बघून. पाहिजे तर बारच्या मध्ये एक तुटक रेघ, पाहिजे तर वर ३+२ असं सरळ लिहून टाकायचं. कोणी हसत नाही.

ब्रुबेकचंच ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’ घ्या, त्याच अल्बममधलं. १९५८ साली अमेरिकन सरकारने त्यांना दौऱ्यावर पाठवलं होतं, त्यात ते आपल्याकडे भारतातही येऊन गेले, आणि इस्तंबूलला रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून हा ९ चा ठेका त्याने ऐकला. लिहिलाय ९/८. आता ट्रिनिटीची, म्हणजे पाश्चात्त्य संगीताची, परीक्षा दिलेल्या कोणत्याही पोराला ९/८ दाखवा, तो ३+३+३ मोजणार, कारण पुस्तकात तसंच शिकवलंय आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण हे २+२+२+३ आहे, तीन बार तसे आणि चौथा बार ३+३+३. म्हणजे एकच टाइम सिग्नेचर, आत दोन वेगळे ठेके, आणि फरक दाखवतो कोण, तर बीम. सोलो सुरू झाले की सरळ ४/४ चा ब्लूज. ते लक्षात ठेवा, खाली त्याच्यावर परत यायचंय.

डॉन एलिस या अमेरिकन ट्रम्पेटवाल्याने तर याच्यापुढे जाऊन १९ बीटचा पीस केला, १९६६ ला माँटेरेच्या जॅझ महोत्सवात वाजवला, त्याचं नावच ‘३३ २२२ १ २२२’. मोजून बघा, बरोबर १९ भरतात. गाण्याला नाव काय द्यायचं तर विभागच देऊन टाकले! मला तो माणूस फार आवडतो. सतारवाले हरिहर राव, त्यांच्यासोबत त्याने लॉस एंजेलिसला हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट काढला होता, तिथेच हे सगळं डोक्यात शिरलं असणार असं आपलं माझं मत.

बरं आता दुसरी गोष्ट, की ४/४ लिहा का १२/८ लिहा, फरक पडत नाही. हे स्विंगमुळे आलंय. स्विंगमध्ये कागदावर दोन एट्थ नोट सारख्या दिसतात पण वाजवताना पहिली लांब आणि दुसरी आखूड, ड्रमर राइडवर (ड्रमची मोठी झांज) डिंग, डिंग-अ-डिंग, डिंग-अ-डिंग करतो ते. आता लांब म्हणजे किती लांब? मध्यम लयीत साधारण दोनास एक, म्हणजे बीटचे तीन भाग करून पहिले दोन एकीला आणि उरलेला दुसरीला. म्हणून लोकांना वाटतं मग १२/८ च लिहा ना, तिथे प्रत्येक बीटला तीन एट्थ असतातच, सगळं नेमकं होऊन जाईल. पण स्विंग तिथे थांबत नाही. लय वाढली की दोघी जवळजवळ सारख्या होतात, फार जलद गाण्यात तर सरळ एट्थच ऐकू येतात, आणि लय ठाय असली की काही ड्रमर दोनास एकपेक्षाही जास्त ओढतात. तुम्ही १२/८ लिहिलं म्हणजे तो दोनास एकचा खिळा ठोकून टाकला, आणि वर सगळ्या पानावर डॉटच डॉट (नोट निम्म्याने लांबवणारा ठिपका). जुन्या छापील शीट म्यूजिकमध्ये डॉटेड एट्थ आणि सिक्स्टींथ लिहायचे, ते तर तीनास एक झालं, जसंच्या तसं वाजवलं तर शाळेच्या कवायतीचं संगीत वाटतं, वाजवणारे ते बघून स्विंगच वाजवायचे ही गोष्ट वेगळी. म्हणून ४/४, साध्या एट्थ, आणि वर कोपऱ्यात ‘स्विंग’ एवढा एक शब्द, हीच रीत टिकली. प्रमाण किती ते ड्रमर ठरवतो, अरेंजरने नाक खुपसायचं नाही.

मग १२/८ कधी? ठाय लयीतला ब्लूज, चर्चच्या गॉस्पेलसारखा, ज्याच्यात पियानोवाला प्रत्येक बीटला तीन तीन ठोके देत सतत चाललेला असतो. तिथे ते तीन खरेच वाजतात, तबल्यात तिस्र जातीत वाजवतो तसे, आणि ४/४ लिहिलं तर प्रत्येक बीटवर ट्रिपलेटचा ३ काढत बसावं लागतं. तिथे १२/८ लिहा, बिनधास्त. म्हणजे फरक पडतो ना? वाजतंय काय ते आधी ऐकायचं, आकडा नंतर.

हल्ली एक नवीनच प्रकार चाललाय, पोरं लॅपटॉपवर कीबोर्ड वाजवतात आणि सॉफ्टवेअरला सांगतात काढ नोटेशन. एका पोराने असाच साध्या आठ बारच्या स्विंगचा प्रिंट आणून दिला मला. काय नव्हतं त्याच्यात! ट्रिपलेटच्या आत सिक्स्टींथ, तिला डॉट, तिला टाय (दोन नोटा एकच म्हणून बांधणारी कमान), मग बत्तिसाव्या भागाचा रेस्ट, कारण मशीनने त्याचा हात जितका मागेपुढे पडला तितका इमानदारीने मोजला. तहसीलच्या दाखल्यासारखं झालं होतं, सगळं खरं आणि कोणाला वाचता येणार नाही. मी वर ‘स्विंग’ लिहिलं, खाली एट्थ नोट लिहिल्या, दीड ओळीत संपलं. तो म्हणतो पण सर मी असं नव्हतं वाजवलं. अरे बाबा, तूच वाजवलंस, फक्त कागदाचं काम वेगळं आहे, कागद दुसऱ्याला वाजवता यावं म्हणून असतो, तू काय केलंस त्याचा पंचनामा करायला नाही.

३/४ आणि ६/८ चा घोळ याच्यापेक्षाही मजेशीर आहे. सहा एट्थ नोट दोन्हीकडे, पण ३/४ मध्ये त्या दोन-दोनच्या तीन जोड्या, ६/८ मध्ये तीन-तीनच्या दोन. आपला दादरा, धा धी ना धा ती ना, हा ६/८ चाच माणूस आहे, आणि नागपूरच्या कोणत्याही वरातीत उभे राहा, बँडवाले अर्धा वेळ त्याच्यातच असतात. जॅझ वॉल्ट्झ मात्र ३/४, मॅक्स रोचने तर १९५७ ला अख्खा अल्बम ३/४ वरच काढला. इथपर्यंत सोपं आहे. आता माइल्स डेव्हिसचं ‘ऑल ब्लूज’ घ्या, तेही १९५९ चंच. बाजारात त्याचे चार्ट तीन तऱ्हेचे मिळतात, कोणी ६/८ लिहितो, कोणी ३/४, कोणी ६/४, आणि पोरं विचारतात सर यातलं बरोबर कोणतं. ३/४ लिहिलं तर १२ बारचा ब्लूज कागदावर २४ बारचा होतो. ब्लूज वाजवणाऱ्याच्या डोक्यात १२ ची चौकट पक्की असते, चौथ्या बारनंतर काय, आठव्यानंतर काय, आणि इथे त्याला प्रत्येक गोष्ट दुप्पट करून शोधावी लागते, गाणं ओळखीचं आणि कागद अनोळखी. ६/८ लिहिलं तर बार १२ च राहतात, छान, पण मग स्विंग एट्थवर न पडता सिक्स्टींथवर पडतो, आणि जॅझवाल्याला सवय असते एट्थ स्विंग करायची, तो पहिल्याच वाचनात चुकीच्या नोटा ओढतो. म्यूजस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून प्ले केलंत तर तिथेही सेटिंगमध्ये जाऊन स्विंग एट्थचा सिक्स्टींथवर करावा लागतो, नाही केला तर भलतंच ऐकू येतं. ६/४ लिहिलं तर बारही १२ आणि स्विंगही एट्थवर. मी ६/४ लिहितो. ६/८ लिहिणारे चुकीचे आहेत असं नाही, पण माझ्यासमोर बसणारा माणूस कोण आहे ते बघून मी ठरवतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा एट्थ स्विंग करणाराच असतो.

आता एक गोष्ट जी नवीन पोरं हमखास करतात. मेलडीत ३+३+२ असं काही दिसलं की लगेच टाइम सिग्नेचर बदलतात, एक बार ३/८, मग परत ३/८, मग २/८. काहून? बेसवाला चार चालतोय, ड्रमरचं हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजेची जोडी) दोन आणि चारवर पडतंय, फक्त सूर आडवा चाललाय. तीनतालात तिसऱ्या मात्रेपासून पाच-पाच मात्रांची तिहाई (तोच तुकडा तीनदा) उचला, शेवटचा धा बरोबर समेवर येतो, म्हणून मधल्या काळात तीनताल संपून पाचाचा ताल सुरू झाला असं कोणी तबलजी म्हणेल का? लेहरा, म्हणजे साथीची फिरती धून, तर तसाच चालू असतो ना. जॅझमध्येही तेच. थेलोनियस मंकचं ‘स्ट्रेट, नो चेझर’ ऐका, १९५१ चं, एकच छोटा तुकडा बारमध्ये कधी इथून सुरू होतो कधी तिथून, ऐकताना वाटतं याने सम सोडली, पण खाली सरळ ४/४ चा १२ बारचा ब्लूज आहे आणि सगळी मजा त्या सरकण्यात आहे. तिथे तुम्ही तुकड्याप्रमाणे बार तोडले तर प्रत्येक तुकडा पहिल्या बीटवर येतो, कागद एकदम सोपा होतो आणि मंक निघून जातो. ज्याच्यावर आडवं जायचं ते सरळच दिसलं पाहिजे.

मग ४/४ मधलं सिंकोपेशन (बीट सोडून मध्येच पडणारे ठोके) लिहितानाही एक पथ्य आहे, बारच्या मधोमध एक न दिसणारी रेघ समजायची आणि तिसरी बीट झाकायची नाही. चार्ल्स्टनचा ठेका, जेम्स पी. जॉन्सनचं १९२३ चं गाणं ज्याच्यावरून ते नाव पडलं, त्याच्यात पहिला ठोका एकवर आणि दुसरा दोन आणि तीनच्या मध्ये. लिहायचं कसं, तर डॉटेड क्वार्टर, मग एक एट्थ, आणि ती एट्थ टायने तिसऱ्या बीटच्या हाफ नोटला बांधायची. टाय पाहिला की कंटाळा येतो हे मान्य, पण त्या टायमुळेच वाचणाऱ्याला तीन कुठे आहे ते दिसतं. हा नियम पाळला की निम्म्या रिहर्सल वाचतात.

जलद बीबॉपला (जॅझची एक शैली) ४/४ का २/२, याच्यावर भांडणारे लोक आहेत, मी बेस बघतो. बेस बारमध्ये चार पावलं चालत असला तर ४/४, दोनच देत असला तर २/२, विषय संपला. बोसा नोव्हाचं जरा वेगळं आहे. ब्राझीलमध्ये सांबा, बोसा २/४ मध्ये लिहितात, अमेरिकन लीड शीटवर (सूर आणि कॉर्ड एवढंच लिहिलेला कागद) तेच ४/४ होऊन येतं. सांबात सुर्दो म्हणून मोठा ढोल असतो त्याचा जड ठोका २/४ च्या दुसऱ्या बीटवर, म्हणजे कागद बघितला की वजन कुठे ते कळतं. ४/४ केलं की तो ठोका तिसऱ्या बीटवर जातो, वर एट्थ नोट दिसल्या की जॅझवाल्याचा हात आपोआप स्विंगकडे वळतो, आणि बोसात एट्थ सरळ पाहिजेत. म्हणून वर ‘स्ट्रेट’ लिहावं लागतं. सिक्स्टींथ वाचायची तयारी असलेला ग्रुप असेल तर मी २/४ च देतो, कुरकुर करतात थोडी.

आता आमच्या ग्रुपचं एक सांगतो म्हणजे हे सगळं हवेत नाही ते कळेल. कॉलेजच्या पोरांनी झपतालावर एक पीस केला, मध्यलयीपेक्षा जरा वरच्या लयीत, सॅक्स, ट्रम्पेट, कीबोर्ड, बेस, ड्रम आणि तबला. ट्रम्पेटला एक काका येतात, सीझनमध्ये लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात, नोटेशन कामापुरतं वाचतात पण कान असा की काय सांगू. पोरांनी चार्ट ५/४ मध्ये आणला होता. काकांनी दोनदा वाजवून पाहिलं आणि कागद स्टँडवर ठेवून दिला. म्हणे, ‘भाऊ, हे पाच काहून लिहिले? तबलेवाला तं चारच पावलं टाकून राहिला, दोन लहान अन् दोन मोठे.’

अगदी बरोबर बोलले. मात्रेला एट्थ धरलं आणि ५/४ मध्ये दहा एट्थ लिहिल्या की बीट पडतात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या एट्थवर. झपतालाचं वजन आहे पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, आठव्यावर. म्हणजे पहिली अर्धी जुळते आणि दुसरी अर्धी सगळीच्या सगळी ऑफबीटवर, खाली तर दोन बीटच्या मध्ये लटकलेली, त्यामुळे साधा ठेका कागदावर भयंकर सिंकोपेटेड दिसत होता आणि काका बिचारे जिथे आड जायचंच नाही तिथे आड जात होते. मग एक जण म्हणाला ५/८ करू, छोटे छोटे बार, २+३, २+३. त्याच्यात पावलं बरोबर बसतात, पण मग प्रत्येक बारची पहिली बीट सारखीच दिसते, सम कोणती आणि खाली कोणती ते कळत नाही, आणि सॅक्सवाली सोलोतून बाहेर पडताना दोनदा समेऐवजी ‘खाली’च्या मात्रेवर येऊन ऐटीत थांबली, तबलेवाला तिच्याकडे बघतच राहिला. शेवटी १०/८ केलं, बीम २+३+२+३, पाचानंतर मध्ये तुटक रेघ. काका एका वाचनात पार.

पण हाच झपताल विलंबित असता तर मी १०/८ लिहिलं नसतं हेही सांगतो. तिथे प्रत्येक मात्रा स्वतःच एक पाऊल असते, क्वार्टरला मात्रा धरून १०/४ किंवा तुटक रेघेचे दोन ५/४, आणि आत दुगुन, चौगुन काय भरायची ती एट्थ, सिक्स्टींथमध्ये आरामात बसते. म्हणजे ताल तोच, लय बदलली की सिग्नेचर बदलली. चौकटीत लिहिल्यासारखं ‘कोणतीही चालते’ नाही, आणि पोरांना वाटतं तसं ‘एका तालाला एकच’ असंही नाही. मी एवढंच बघतो की वाजवणाऱ्या सगळ्यांचा पाय एकत्र कुठे पडतो. तिथे बीट. आणि सगळे मिळून घरी कुठे येतात, तिथे बारची रेघ.

आता शेवटचं, जे कापू नका म्हटलं होतं ते. आपल्या शहरात एक आंतरमहाविद्यालयीन बँड स्पर्धा होते, नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिच्या फॉर्मवर एक अट आहे की स्वतःच्या रचनेसोबत लीड शीट जोडायची आणि ‘संपूर्ण रचनेत एकच टाइम सिग्नेचर असावी’. का, तर परीक्षकांना मार्क द्यायला सोपं जातं. आमच्या पोरांच्या वरच्या पीसमध्ये शेवटी आठ बार ४/४ चे होते, त्याचे मार्क गेले, शेऱ्यात लिहिलं ‘तालात सातत्य नाही’. मी पोरांना म्हटलं जाऊ द्या, पण डोक्यातून जात नाही ते. या अटीत ‘ब्लू रोंडो’ बसत नाही, ९/८ वरून ४/४ वर जातं म्हणून ते बाद. पोरं काय करतात मग, अट पाळायला सगळं ४/४ मध्ये कोंबतात, दहा मात्रांचं आवर्तन चार-चारच्या बारमध्ये घातलं की सम पहिल्यांदा पहिल्या बीटवर, मग तिसऱ्या बारच्या तिसऱ्या बीटवर, मग परत सहाव्या बारच्या पहिल्या बीटवर, असं करत करत पानभर फिरते, आणि अशा कागदाला पूर्ण मार्क मिळतात. ज्या कागदावर सम शोधावी लागते त्याला सातत्याचे मार्क! बाप्पा.

आयोजक तुमचा पेपर नक्की वाचतात, बातमीसाठी फोन तुम्हालाच करतात. त्यांनी फक्त ती ओळ काढून ‘टाइम सिग्नेचर बदलत असल्यास बीट कसे मोजायचे ते वर लिहावे’ एवढं छापावं. आणि परीक्षकांत एक तबलेवाला बसवावा, त्याला नोटेशन वाचता नाही आलं तरी चालेल, सम कुठे आहे ते त्याला ऐकून कळतं. फॉर्म पोळ्याच्या आसपास निघतो, त्याच्या आधी झालं तर बरं, कारण पोरं मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक) पाहून आली की लगेच प्रॅक्टिसला बसतात आणि मग अट बदलून उपयोग नाही.

आपला,
एक चार्ट लिहिणारा वाचक
सदर, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती, पोरांना पुढच्या वर्षीही तिथेच वाजवायचंय.)